जॉर्जला मुलगा कोणी केलं? ('नॅन्सी ड्र्यू'ची नोंद सुधारायची आहे)

वळचण (धागाकर्ती)

भाचीला सध्या नॅन्सी ड्र्यूने झपाटलंय. पुस्तकं ती इंग्रजीतूनच वाचते. परवा "ही कॅरोलिन कीन कोण गं, मावशी?" असं विचारलंन, तेव्हा मी तोऱ्यात म्हटलं, थांब, मराठीतून वाचून दाखवते. मुक्त ज्ञानकोशातली नोंद उघडली आणि दुसऱ्या वाक्याला तोरा उतरला.

नोंद अशी सुरू होते: 'नॅन्सी ड्र्यू ही अठरा वर्षांची गुप्तहेर असून बेस ही तिची मैत्रीण व जॉर्ज हा तिचा मित्र आहे. जॉर्ज हा बेसचा चुलत भाऊ आहे.' शेजारी माहितीचौकटीत 'लेखिका: कॅरोलिन कीन, जन्म:' आणि पुढे 'संदर्भ हवा'चा साचा. तो साचा बिचारा किती दिवस वाट बघतोय कोण जाणे. बाई जन्मलीच नाही, तर जन्मतारखेला संदर्भ कुठून मिळणार?

आणि जॉर्ज फेन मुलगी आहे हो! आखूड केसांची, खेळाडू, फटकळ मुलगी. इंग्रजीत 'जॉर्ज सेड' एवढ्यावर निभावतं. मराठीत 'म्हणाला' की 'म्हणाली' हे ठरवल्याशिवाय वाक्यच संपत नाही. भाषांतराच्या यंत्राने नावाकडे बघून ठरवलं, आणि एकदा 'म्हणाला' म्हटल्यावर मित्र, भाऊ, 'तो धाडसी आहे' हे सगळं ओघाने आलं. मी मोजलं: जॉर्ज अकरा वेळा मुलगा आहे आणि एकदा, चित्रपटांच्या परिच्छेदात, तिची भूमिका एक अभिनेत्री करते. कोणाला काही खटकलं नाही.

नोंद नव्याने लिहायची माझी तयारी आहे. पण एकटीने लिहिली तर माझ्या चुका कोण काढणार? म्हणून हा धागा. मसुदा धूळपाटीवर, म्हणजे ज्ञानकोशातल्या कच्च्या लिखाणाच्या पानावर, टाकतेय. हाणा.

टिंबटिंब

इतिहासाचं पान बघितलंत का? सगळा मजकूर एकाच संपादनात, एका दमात आलेला आहे. सारांशाच्या चौकटीत 'भर घातली'. भर कसली, ओतलंय सगळं.

जॉर्जचं नंतर बघू. आधी माहितीचौकटीतल्या 'लेखिका'चा निकाल लावा, कारण नोंदीचं बाकी सगळं त्यावर उभं आहे. कॅरोलिन कीन हे स्ट्रेटमायर सिंडिकेट या पुस्तकं लिहवून घेणाऱ्या कंपनीच्या मालकीचं टोपणनाव. एडवर्ड स्ट्रेटमायर कथानकाचा आराखडा करायचा, तो ठरलेल्या लेखकाकडे जायचा, लेखक ठरावीक रकमेवर पुस्तक लिहून द्यायचा आणि सगळे हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायचा. रॉयल्टी नाही, नाव नाही. 'हार्डी बॉइज' या रहस्यकथामालिकेचा 'लेखक' फ्रँकलिन डिक्सन याच कारखान्यातला. त्याच्या पहिल्या पुस्तकांमागे लेस्ली मॅकफार्लेन नावाचा कॅनडाचा पत्रकार होता.

तेव्हा 'लेखिका' या रकान्यात एक नाव टाकून भागणार नाही. 'कॅरोलिन कीन (सामायिक टोपणनाव)' असं लिहा आणि खाली स्वतंत्र विभाग करा.

खारूताई

म्हणजे कॅरोलिन कीन नव्हतीच?! माझं बालपण परत द्या.

वळचण

खारूताई, होती की. फक्त बऱ्याच जणी होत्या, आणि अधूनमधून बाप्येही.

मसुद्यात असं घेतलंय, तपासा: मालिकेतली पहिली तीन पुस्तकं २८ एप्रिल १९३० रोजी एकदम बाजारात आली. त्यानंतर बाराच दिवसांनी, १० मे रोजी, स्ट्रेटमायर वारला. धंदा हॅरिएट आणि एडना या त्याच्या मुलींनी हाती घेतला. प्रत्यक्ष लिहिणारी होती मिल्ड्रेड वर्ट, नंतरची मिल्ड्रेड बेन्सन. आयोवातली, पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी घेतलेली, पहिलं पुस्तक आलं तेव्हा पंचविशीही न गाठलेली. एका पुस्तकाचे १२५ डॉलर. मंदीत सिंडिकेटने ते ७५ वर आणले, तेव्हा तिने नकार दिला. म्हणून आठ, नऊ आणि दहा क्रमांकाची पुस्तकं वॉल्टर कॅरिगने लिहिली. अकराव्यापासून ती परत आली. पहिल्या ३० पैकी २३ तिची.

या ७५ डॉलरच्या नकाराला मी मसुद्यात पूर्ण वाक्य दिलंय. कोणी 'अनावश्यक तपशील' म्हणून काढलं तर मी भांडणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मी_नुसता_वाचक

एक प्रामाणिक प्रश्न, राग मानू नका. मुलांच्या रहस्यकथांवरच्या नोंदीत इतका कीस पाडायचा कशाला? ज्याला एवढी माहिती हवी तो इंग्रजी पान वाचेल. मराठीत चार ओळी सरळ असल्या की झालं.

टिंबटिंब

त्या चार ओळींतच तर घोळ आहे, साहेब. अठरा वर्षं, मित्र, चुलत भाऊ, लेखिका. चारही ओळी दुरुस्त करायला घेतल्या की कीस पडतोच.

खारूताई

थांबा थांबा. जॉर्ज मुलगी हे मान्य, पण 'अठरा वर्षांची' यात काय चूक? माझ्या सगळ्या पुस्तकांत नॅन्सी अठराचीच आहे. पिवळ्या पाठीची पुस्तकं, अजून माळ्यावर आहेत.

वळचण

खारूताई, तुमचा हा प्रश्न वाचून मी जागेवरून उठून पुस्तकं घेऊन आले. हेच तर सांगायचं होतं.

माझ्याकडे 'द सीक्रेट ऑफ द ओल्ड क्लॉक'च्या दोन प्रती आहेत. एक तुमच्यासारखी पिवळी. दुसरी १९३०च्या आवृत्तीची जशीच्या तशी काढलेली प्रत. ॲपलवूड नावाच्या प्रकाशनाने १९९१ पासून अशा प्रती काढल्या. नाव एक, क्रमांक एक, टोपणनाव एक. दोन्ही शेजारी उघडून ठेवल्या.

जुनी सुरू होते ती नॅन्सीच्या तोंडून. म्हाताऱ्या क्रॉलीचा सगळा पैसा त्या टॉपम कुटुंबाला मिळाला तर किती वाईट होईल, असं ती वडिलांना तावातावाने सांगतेय. पहिल्या ओळीलाच मुलीला मत आहे. पिवळी सुरू होते ती एका दिसायला छान, अठरा वर्षांच्या मुलीपासून. वडिलांचे कागद पोचवून ती नव्या कोऱ्या गडद निळ्या गाडीतून घरी निघालीय. मग एक लहान मुलगी पुलावरून पडते, नॅन्सी धावते. म्हणजे पहिल्यांदा दिसणं, मग गाडी, मग चांगुलपणा. मत नंतर कधीतरी.

जुन्या पुस्तकांत नॅन्सी सोळाची आहे. तिची आई वारली तेव्हा ती दहाची होती, नव्यात तीनची. यामुळे घर सांभाळणारी हॅना ग्रुएनसुद्धा बदलते. दहा वर्षांच्या मुलीला आई आठवते, तिथे हॅना ही कामाला ठेवलेली बाई. तीन वर्षांच्या मुलीला हॅनाच आई. एक आकडा बदलला आणि घरातली माणसं बदलली.

१९५९ पासून सिंडिकेटने, म्हणजे मुख्यतः स्ट्रेटमायरची मुलगी हॅरिएट ॲडम्स यांनी, पहिली ३४ पुस्तकं एकेक करून नव्याने लिहून घेतली किंवा छाटली. पंचवीस प्रकरणांची वीस झाली. काही पुस्तकांत गोष्टच नवी. आपण सगळ्यांनी लहानपणी वाचलेली नॅन्सी ही बहुतेक करून दुसरी नॅन्सी.

तेव्हा नोंदीत 'ती अठरा वर्षांची आहे' असं एक वाक्य लिहिताच येत नाही. 'मूळ आवृत्तीत सोळा, १९५९ नंतरच्या आवृत्त्यांत अठरा' असं लिहावं लागतं. आणि हे फक्त वयापुरतं नाही. कथानक, पात्रं, स्वभाव, प्रत्येक वाक्याला 'कुठल्या आवृत्तीत?' असा प्रश्न विचारल्याशिवाय नोंद खरी होणारच नाही.

खारूताई

मी आत्ता माळ्यावर चढून आले. पहिलंच पान. निळी गाडी. तुम्ही म्हणता तसंच. मला कसंतरीच झालं, म्हणजे वाईट नाही, पण शाळेतली मैत्रीण भेटावी आणि तिचं खरं नाव वेगळंच होतं असं कळावं तसं.

काजळी

धागा चांगला चाललाय. वळचणताई, पुनर्लेखन का झालं ते मसुद्यात एका ओळीत उरकलंय तुम्ही: 'जुने संदर्भ बदलण्यासाठी'. हे फार गुळगुळीत आहे. जुन्या पुस्तकांत कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य पात्रं ज्या तऱ्हेने येतात, त्यावर पालकांच्या तक्रारी होत्या. तुमच्याच पहिल्या पुस्तकातला जेफ टकर बघा.

मी_नुसता_वाचक

मुलांच्या पुस्तकाच्या नोंदीत वंशवाद आणायलाच हवा का? नोंद वाचणारी मुलंच असणार.

वळचण

आणायला हवा असं नाही, तो आत आहेच. १९३०च्या पुस्तकात टॉपमांच्या तळ्याकाठच्या बंगल्याचा राखणदार जेफ टकर कृष्णवर्णीय आहे. चोर त्याला दारू पाजून बाजूला काढतात, नॅन्सी कपाटात कोंडली जाते, आणि हा झिंगलेला परत येतो. त्याची भाषा मुद्दाम वेडीवाकडी छापलीय, वाचकाने हसावं म्हणून. १९५९च्या पुस्तकात जेफ टकर आहे, नावही तेच, पण तो गोरा आहे आणि शुद्धीत आहे.

म्हणजे अपमान गेला, आणि त्याबरोबर पुस्तकातला कृष्णवर्णीय माणूसही गेला. दोन्ही गोष्टी नोंदीत यायला हव्यात. 'सुधारणा केल्या' एवढंच लिहिलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होतं. माझी भाची बारा वर्षांची आहे. तिला मी दोन्ही पानं दाखवली. तिने विचारलं, "मग त्याला काळाच ठेवून शहाणा का नाही केला?" मला उत्तर आलं नाही.

काजळी, ती गुळगुळीत ओळ काढते. बरोबर पकडलीत.

टिंबटिंब

भाचीचा प्रश्न उत्तम आहे, पण नोंदीत तो घालू नका. आपलं स्वतःचं निरीक्षण म्हणजे नवसंशोधन, आणि ते ज्ञानकोशात चालत नाही. दोन आवृत्त्यांत काय छापलंय ते लिहा, त्यावरचं मत समीक्षकाचं असेल तर त्याच्या नावाने द्या. 'पहिल्या ओळीला मुलीला मत आहे' हे तुमचं वाक्य मला अतोनात आवडलं. तेही नोंदीत नको. इथे राहू दे.

वळचण

हो हो. ते मी जड हाताने खोडलं आहे.

अर्धविराम

नमस्कार. धागा कालपासून वाचतोय. कबुलीजबाब द्यायला आलोय.

तो मजकूर मी ओतला. विद्यार्थी असताना एका स्पर्धेसाठी, जास्तीत जास्त नोंदी करणाऱ्याला बक्षीस होतं. भाषांतराच्या यंत्रातून काढून, वरवर शुद्धलेखन बघून रात्रीत नऊ नोंदी चढवल्या. नॅन्सी ड्र्यूचं एकही पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. बक्षीस मिळालं नाही हे सांगितल्याने कोणाला बरं वाटणार असेल तर तेही सांगतो.

जॉर्जबद्दल माफी. यादी वगैरे करायचं हमालीचं काम असेल तर मला द्या.

टिंबटिंब

अर्धविराम, तुमच्या नावाला जागलात, थांबून विचार केलात :) माफीबिफी राहू द्या, आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी असले उद्योग केलेत. पुस्तकसूची घ्या. मूळ मालिका ५६ पुस्तकांची, १९३० ते १९७९. नंतर दुसऱ्या प्रकाशकाने क्रमांक पुढे चालवला तो १७५ पर्यंत, २००३ साली थांबला. सध्याच्या नोंदीत एका ठिकाणी ५६ आहे आणि एका ठिकाणी १७५. वाचणाऱ्याला वाटेल मध्ये ११९ पुस्तकं हरवली. सूचीत दोन वर्षांचे दोन रकाने करा: पहिली आवृत्ती आणि पुनर्लेखन.

काजळी

आणि नावं भाषांतरित करू नका. मराठीत त्या नावाने पुस्तक निघालेलं नसेल तर 'जुन्या घड्याळाचे रहस्य' हे नाव म्हणून देणं म्हणजे नसलेलं पुस्तक जन्माला घालणं. नाव देवनागरीत, अर्थ पुढे साध्या अक्षरांत. पाचव्या पुस्तकाचं नाव तर पुनर्लेखनात बदललंय, 'ॲट शॅडो रँच'चं 'ऑफ शॅडो रँच'. अशा जागा नजरेतून सुटतात.

अवांतर पण महत्त्वाचं: १९३० साली निघालेली चार पुस्तकं १ जानेवारी २०२६ रोजी अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मोकळी झाली. तिथे त्या काळातल्या पुस्तकांना ९५ वर्षं. पण मोकळी झाली ती १९३०ची संहिता. १९५९ची अजून बांधलेलीच आहे. वळचणताईंच्या दोन प्रतींतली एक मोकळी, एक बंद. मुख्य म्हणजे बेस आणि जॉर्ज पहिल्यांदा येतात पाचव्या पुस्तकात, १९३१ साली, आणि नॅन्सीचा मित्र नेड निकरसन सातव्यात, १९३२ साली. पहिल्या पुस्तकातली मैत्रीण हेलन कॉर्निंग, जी आता कोणाला आठवत नाही. म्हणजे जॉर्जला आणखी एक वर्ष थांबायचंय. नोंदीत सध्या 'ही पात्रे सुरुवातीपासून आहेत' असं वाक्य आहे, तेही काढा.

खारूताई

नेड सातव्या पुस्तकात येतो?! आणि तरी सगळ्या चित्रपटांत पहिल्या प्रसंगापासून मागे मागे.

वळचण

:) आता नात्याचा प्रश्न. 'जॉर्ज ही बेसची चुलत बहीण' असं दुरुस्त करायला गेले आणि हात थांबला. इंग्रजीत 'कझिन' आहे. बेसचं आडनाव मार्व्हिन, जॉर्जचं फेन. वडील सख्खे भाऊ असते तर आडनाव एकच असतं. म्हणजे चुलत नाही. मग मावस? मामे? आते?

मी_नुसता_वाचक

मावस. दोघी सतत एकत्र असतात म्हणजे आया बहिणी असणार.

टिंबटिंब

आत्ता चार दिवसांपूर्वी 'चार ओळी पुरेत' म्हणणारे आपणच ना?

आणि 'असणार' यावर नातं ठरवायचं नाही. एकदा आपण 'मावसबहीण' छापलं की उद्या कोणीतरी आपलाच आधार देऊन तेच लिहील, आणि तो दोन बायकांना उगाच बहिणी करून ठेवेल. 'बेस मार्व्हिन आणि जॉर्ज फेन या नात्याने बहिणी' एवढं लिहा.

मी_नुसता_वाचक

मान्य. गुंतलो खरा.

खारूताई

लहान तोंडी मोठा घास: मिल्ड्रेडबाईंचं पुढे काय झालं हे मसुद्यात नाहीये. मला तेच वाचायचं होतं.

वळचण

खरंच राहिलं. ही घ्या ओळ, आजच भरते. हॅरिएट ॲडम्स यांनी बरीच वर्षं स्वतःच कॅरोलिन कीन असल्याचं सांगितलं, आणि सही केलेल्या कागदामुळे मिल्ड्रेड गप्प. १९७९ साली सिंडिकेटने नवी पुस्तकं दुसऱ्या प्रकाशकाला दिली, जुन्या प्रकाशकाने दावा लावला, आणि १९८० साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात मिल्ड्रेड बेन्सन साक्षीला उभ्या राहिल्या. तिथे त्या कागदांवरून लेखक कोण ते उघड झालं. पन्नास वर्षांनी! भांडण दोन प्रकाशकांचं, आणि त्यात वाटेत ही गोष्ट बाहेर आली. १९९३ साली आयोवा विद्यापीठाने नॅन्सी ड्र्यूवर परिषद भरवली तेव्हा कुठे लोकांनी त्यांना नीट पाहिलं. टोलीडोच्या वर्तमानपत्रात त्या शेवटपर्यंत सदर लिहीत होत्या; २००२ साली, ९६ व्या वर्षी वारल्या. त्यांचा अंडरवुड टंकयंत्र स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

टिंबटिंब

'त्यांचं टंकयंत्र'. नपुंसकलिंग. इथेही लिंगाचाच घोळ :)

वळचण

जॉर्जचा शाप. दुरुस्त करते.

अर्धविराम

सूची पूर्ण. ५६ ओळी, दोन रकाने. पुनर्लेखन न झालेल्या पुस्तकांपुढे आडवी रेघ दिलीय. हे करताना पहिलं पुस्तक वाचून काढलं, १९३०चं. कपाटात कोंडल्यावर ती आधी घाबरते, ओरडते, दार बडवते, आणि मग स्वतःलाच दटावून कपाटातल्या दांड्याने दाराच्या बिजागऱ्या उचकटायला लागते. ते पान मी दोनदा वाचलं.

'ड्रू' की 'ड्र्यू' याचा निकाल लागला का?

टिंबटिंब

अमेरिकन उच्चार 'ड्रू'च्या जवळचा, पण वाचकांच्या डोळ्यांत 'ड्र्यू' बसलंय. नोंद 'ड्र्यू'वर, 'ड्रू'वरून पुनर्निर्देशन. यावर धागा वाढवणाऱ्याला ५६ पुस्तकांचे संदर्भ भरायला देण्यात येतील.

वळचण

मंडळी, नोंद चढवली. धूळपाटीवरून मुख्य पानावर हलवली, जुना मजकूर पूर्ण बदलला, संपादन सारांशात या चर्चेचा उल्लेख केलाय. पहिला परिच्छेद असा आहे:

'नॅन्सी ड्र्यू ही अमेरिकी किशोर रहस्यकथामालिका आणि तिची नायिका. १९३० साली सुरू झालेली ही मालिका कॅरोलिन कीन या सामायिक टोपणनावाने अनेकांनी लिहिली. सुरुवातीची बहुतेक पुस्तके मिल्ड्रेड बेन्सन यांची आहेत. पहिली ३४ पुस्तके १९५९ पासून पुनर्लिखित झाल्याने एकाच नावाच्या पुस्तकाच्या दोन भिन्न संहिता आढळतात. नायिकेचे वय मूळ आवृत्तीत १६, नंतर १८ आहे.'

भाचीला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, 'संहिता' शब्द कळला नाही. 'आवृत्ती' केलं तर नुसती पुनर्मुद्रणंही त्यात येतात. तूर्त 'संहिता'च ठेवलंय. सुचलं तर सांगा.

काजळी

'एकाच नावाखाली दोन वेगळी पुस्तके आढळतात.' झालं की.

वळचण

झालं! बदललं.

खारूताई

धागा वर काढतेय. नोंद बघितली का आज कोणी? सकाळी एका नव्या सदस्याने 'शुद्धलेखन दुरुस्ती' असा सारांश देऊन 'जॉर्ज म्हणाली'चं 'जॉर्ज म्हणाला' केलंय. सहा ठिकाणी.

टिंबटिंब

उलटवलं. सदस्याच्या चर्चापानावर स्वागत करून नीट समजावलंही आहे, बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. शिवाय संपादनाच्या खिडकीतच दिसेल अशी एक लपवलेली टीप टाकलीय, पात्रांच्या विभागाच्या डोक्यावर: 'संपादकांनो, जॉर्ज मुलगी आहे. खरंच.'

अर्धविराम

उरलेल्या आठ नोंदींपैकी एकीत मला आत्ताच 'श्रीमती शेरलॉक' सापडल्या आहेत. वेगळा धागा काढू का?